शेपटीचा देव

गंगाक्का मारुतीला मारुती म्हणत नसे. "शेपटीच्या देवाला तेल घालून येते गं," असं सांगून दर शनिवारी निघायची. नवी सून म्हणून मी कॉटनपेटेतल्या त्या वठारात आले, तेव्हा मला हसूच फुटलं. एका अंगणाभोवती ओळीनं घरं, मध्ये एक नळ, आणि आमच्या शेजारची खोली तिची. सासूबाईंनी डोळे वटारले. "हसू नकोस. तिच्या नवऱ्याचं नाव हणमंतराव. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं मानते ती. म्हणून देवाचंसुद्धा घेत नाही."

हणमंतराव घरात नव्हतेच. थोरल्या भावाशी भांडून भरल्या ताटावरून उठून गेले, ते परत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. त्याला इतकी वर्षं लोटली होती की आता हिनं कुंकू पुसावं, असं वठारातल्या बायका कुजबुजायच्या. अक्काच्या कानावर गेलं की ती नळावर घागर आदळायची. "असतील की कुठंतरी! तुमच्या दारात मीठ मागायला आलेत काय?"

पोटासाठी ती चिकपेटेतल्या एका दुकानाच्या रेशमी साड्या घरी आणायची आणि त्यांच्या पदरांना गोंडे बांधायची. कुच्चू म्हणतात त्यांना इथं. बोटं अशी भराभर चालायची की बघत राहावं. पण अंगावर विटकं लुगडं आणि काखेत कोऱ्या रेशमाचं गाठोडं! पोलिसांच्या डोळ्यांत खुपायला तेवढं पुरे होतं.

एकदा पेठेतलं कुठलंसं दुकान फुटलं आणि पोलीस गाठोडीवाल्या बायकांना अडवू लागले. मी भाजी घेत होते. बघते तर अक्कासमोर हवालदार. "हेसरु?" नाव विचारल्यावर तिनं आपलं सांगितलं. "गंडन हेसरु?" नवऱ्याचं विचारलं, तशी कोपऱ्यावरच्या देवळाकडे बोट करून कन्नडात म्हणाली, "त्या देवाचंच नाव, साहेब. शेपटीचा देव."

मी धावत जाऊन सांगितलं, "हणमंतराव!" तर तो माझ्यावरच खेकसला, "तुला कुणी विचारलं? तिचं तोंड शिवलंय काय?"

ठाण्यातला अधिकारी तर त्याच्या वरताण. "माझी आईही माझ्या वडिलांचं नाव घेत नाही," तो म्हणाला, "पण ती लोकांच्या साड्या काखेत मारून हिंडत नाही. सगळ्या चोरट्या बायका हेच सोंग करतात. नवऱ्याचं नाव सांग आणि घरी जा." साड्या देणाऱ्या दुकानाचे शेट्टी परगावी गेलेले, ते येईपर्यंत तिची ओळख पटवणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि माझा शब्द तिथं विचारतो कोण?

बाकावर तिच्याशेजारी बसून मी कुजबुजले, "सांगून टाक की अक्का. नुसतं नाव तर आहे. काय जाईल?"

"काय जाईल म्हणजे? त्यांचा जीव जाईल की सुमे!" ती म्हणाली. "त्यांचं दुसरं काय राहिलंय माझ्याजवळ सांभाळायला?"

मला रडू आलं आणि रागही आला. त्या अधिकाऱ्याचा आला, तिचा आला, आणि ताट सोडून गेलेल्या त्या माणसाचा तर सगळ्यांत जास्त आला. दिवेलागणीला शेट्टी आले, साड्या आपल्याच म्हणाले, तेव्हा कुठं तिला सोडलं. दिवसभराची उपाशी बाई, पण घरी न येता आधी देवळात गेली.

त्यानंतर ती पेठेत निघाली की मी बरोबर जायला लागले. हवालदार ओळखीचा झाला की त्रास थांबायचा, नवा आला की पुन्हा तेच. दोनदा तिला ठाण्यात बसवलं. एकदा तर साड्या धुळीत उलगडून पाहिल्या. अक्का खाली बसून एकेक गोंडा झटकत राहिली. नाव घेतलं नाही ते नाहीच. "पोलिसांना काय, आज आहेत नि उद्या नाहीत," एवढंच म्हणाली.

मग पाकिस्तानशी युद्ध झालं. त्या दिवसांत ज्याला त्याला हटकायचे. गोंडे बांधून झालेल्या साड्या द्यायला आम्ही दुपारी निघालो होतो, तर एका कोवळ्या हवालदारानं काठी आडवी घातली.

"हेसरु?"

"गंगाबाई."

"गंडन हेसरु?"

मी नेहमीसारखी पुढं झाले. अक्कानं मला हातानं मागं सारलं.

"हणमंतराव," ती म्हणाली. स्वच्छ आणि मोठ्यानं.

"सरी, होगम्मा," म्हणत त्यानं काठी बाजूला घेतली आणि मागच्या सायकलवाल्याकडे वळला.

मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कुंकू तसंच होतं.

"अक्का?"

"काल हुबळीहून एक जण आला होता. श्रावणात गेले म्हणे, तिथल्या इस्पितळात." गाठोडं तिनं या काखेतून त्या काखेत घेतलं. "साड्या आज द्यायच्या होत्या, म्हणून बोलले नाही. घरी गेल्यावर तुझ्या सासूला सांगते."

आम्ही चालू लागलो. कोपऱ्यावरच्या देवळापाशी ती थांबली. आत न जाता, रस्त्यावरूनच देवाकडे बघत तिनं पुन्हा एकदा म्हटलं, "हणमंतराव."

"एवढं सोपं नाव होतं बघ सुमे," ती म्हणाली, आणि भर पेठेत तिला रडू कोसळलं.