दाजींचं घर पलीकडं

रस्ता चुकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण स्वतःचं घर इतक्या आत्मविश्वासानं चुकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात आमच्या दाजींशिवाय दुसरा नसावा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डोंगराच्या पायथ्याशी नवं विद्यापीठ झालं, तिथं ते गणित शिकवतात. परिसर दृष्ट लागेल असा आहे. तळं काय, हिरवळ काय, सकाळी मोरसुद्धा. पण प्राध्यापकांची घरं कुणी आखली देव जाणे. सगळ्यांना तोच पिवळा रंग, दारात तीच बोगनवेल. दाजी संध्याकाळी डोक्यात गणित घेऊन निघतात आणि उघडं दिसेल त्या दारात चपला काढून आत शिरतात. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग विचारायचं, ही आपल्याकडची रीत. त्यामुळं त्यांना कुणी हटकत नाही. एकदा रसायनशास्त्राचे सर घरी परतले, तर दाजी त्यांच्याच खुर्चीत पेपर वाचत होते. "या, बसा," दाजी म्हणाले. सर बिचारे गोंधळून बसलेही.

भाचीला बघायला मिरजगावची मंडळी येणार होती, तेव्हा ताईनं बजावलं होतं, "पाहुण्यांना आणायला तुम्ही जाऊ नका." दाजी गेलेच. पोहे निवायला लागले तशी भाची म्हणाली, "मामा, चला, बाबांना शोधू." नेसलेल्या साडीनिशी ती निघाली, मागं मी. पलीकडच्या ओळीतल्या एका घरात पाहुणे रांगेनं बसले होते आणि दाजी आत तोंड करून कौतुकानं हाक मारत होते, "चहा आण गं." चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले ते लुंगीतले, एकटे राहणारे इतिहासाचे सर. मुलाच्या वडिलांनी एकदा चहाकडं पाहिलं, एकदा सरांकडं. स्थळ गेलं, असं मी धरूनच चाललो.

"बाबा, आपलं घर पलीकडं," भाची हळूच म्हणाली, आणि त्यांचा चष्मा शोधून तिनं त्यांच्या हातात दिला. मुलाच्या वडिलांनी चहा संपवला. "बापाला येवढं सांभाळती, तर आमालाबी सांभाळंल," ते म्हणाले. "पोरगी पसंत हाय."

परवा गेलो, तर वर्ग संपवून दाजी नाकासमोर चालत थेट आपल्याच दाराशी आले. मी चेष्टेनं म्हटलं, "आज बरोबर आलात की." ते पायरीवर जरा थांबले.

"आता शोधायला कोण येणार? लक्ष ठेवावं लागतं."

पोरगी सुखात आहे, स्थळ चांगलं मिळालं. मग मला एवढं वाईट का वाटलं, तेच कळेना.