साताऱ्यात मी मुकी होते

“म्हण, पाणी.”

“पानी.”

वर्ग हसला. मी स्टुलावर उभी होते. बाईंनीच चढवलं होतं. अठरा वर्षांची बाई मी, लुगडं सावरत उभी, बारक्या पोरांना करतात तशी शिक्षा.

“पुन्हा. जीभ टाळ्याला लाव. पाणी.”

लावली. पुन्हा ‘पानी’च निघालं.

“जमेल तोपर्यंत उतरायचं नाही,” बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. तास संपला. पुढचा सुरू झाला. मी वरच. त्या दिवसापासून बोर्डिंगात माझं नाव ‘लोनी’ पडलं, कारण लोण्यालाही मी तसंच म्हणायचे.

ही साताऱ्याची गोष्ट, लढाई चालू होती तेव्हाची. मास्तरणी तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज होतं. मराठी शिकवणाऱ्या बाईच बोर्डिंगही सांभाळायच्या. मुली बहुतेक वाईच्या, साताऱ्याच्या, पेठांतल्या. मी कुंडलकडची, उसाच्या रानातली. माझे वडील, आबा, पलटणीत हवालदार होऊन परतलेले. नवराही पलटणीतच होता. लढाईवर गेला तो तिकडंच मेला. मला त्याचा चेहरासुद्धा नीट आठवत नाही. सासरी राहिले असते तर जन्मभर त्यांच्या रानात राबले असते. आबांनी मला तिथून उठवलं, सातवीच्या फायनलला बसवलं, साताऱ्याला आणून सोडलं. सासऱ्यानं तेव्हाच बजावलं, “शिकाय न्हाई जमलं तर आमची सून आमाला परत पायजे.”

म्हणजे मागं सासरा. पुढं बाई.

मग मी बोलायचंच सोडलं. कागदावर ‘ण’ सुबक काढायचे. तोंड उघडायचे नाही. विचारलं तर मान हलवायची. बाजारात भाजीवालीनं सांगितला तो भाव द्यायचा, कारण घासाघीस करायची तर बोलावं लागलं असतं.

पण सातारा मला आवडायचा. हेही खरंच आहे. रविवारी मी एकटी गावामागच्या टेकडीवर, चार भिंतीकडं चढून जायची. खाली सगळ्या पेठा दिसायच्या, कौलांवर धूर, लांब येणारी मोटार. गावाकडं सकाळी मी समोर आले की माणसं वाट बदलायची. मोकळं कपाळ दिसायचं त्यांना. इथं राजवाड्यासमोरून, ऐन गर्दीतून मी चालत जायची आणि कुणी वळून बघायचं नाही. कुणाची सून, कुणाची विधवा, कुणाला पत्ता नाही. पाय मोकळे झाले होते. जीभ तेवढी बांधलेली.

घोकून घोकून ‘ण’ आला एकदाचा. दिवाळीला घरी गेले आणि आईजवळ पाणी मागितलं. वहिनी फिसकन हसली. “आली बया साताऱ्याची!” आई हसली नाही. नुसती बघत राहिली. “परकी वाटाय लागलीस गं,” म्हणाली. मग मी तिथंही गप्प बसले.

थंडीत एक दिवस आबा भेटायला आले. काकवीची बरणी फडक्यात बांधून, लष्करी कोट घालून. आम्ही मुली व्हरांड्यात विणकाम करत बसलो होतो. बाई पुढं झाल्या.

“काय काम आहे?”

“आवं बाई, पोरीला भेटाया आलोय. लय दिस झालं, म्हटलं बघून जावं.”

बाई आमच्याकडं वळल्या. आबांच्याच सुरात म्हणाल्या, “‘भेटाया आलोय, लय दिस झालं!’ ऐकलंत? हे ऐकत वाढलेल्या मुलीला मी शुद्ध बोलायला शिकवतेय. आता कळलं ना, का एवढा वेळ लागतो?”

मुली हसल्या. आणि आबाही हसले. त्यांना वाटलं, बाईंनी काहीतरी चांगलं म्हटलं. बरणी दोन्ही हातांत धरून, सगळ्यांकडं बघत हसले.

ते हसणं मला बघवेना. मी उठले.

“बाई, हसू नगा. ह्यो माझा बाप हाय.”

बाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला.

“काय म्हणालीस? नीट बोल.”

“नीटच बोलतीय. तुमाला कळलंय.”

आबा घाबरले. “चूक झाली म्हन, पोरी. चूक झाली म्हन.”

“न्हाई आबा.”

बोर्डिंग सुटलं. आबा म्हणाले, घरी चल. मी गेले नाही. मंगळवार पेठेत एका म्हाताऱ्या कासारणीनं मला तिच्या घराच्या मागच्या पडवीत जागा दिली. तिचं दळण मी दळायचे. वर्गात बाई माझ्याकडं बघायच्या नाहीत. परीक्षेत वर्गापुढं घ्यायच्या पाठाला सगळ्यांत कमी गुण मला मिळाले. पण पास झाले. शिराळ्याकडच्या गावात शाळा मिळाली.

आता स्वातंत्र्य आलंय. परवा साताऱ्याची एक वर्गमैत्रीण शाळेत येऊन गेली. “काय दिवस होते गं ते! किती मजा! लोनी म्हटलं की कशी लाजायचीस तू!”

“लाजत न्हवते,” मी म्हणाले. “जळत होते.”

तिचा चहा तसाच राहिला.

ती गेली. सातारा मलाही आठवतो. तिच्याहून जास्त आठवतो. इथं मी पुन्हा कुणाची तरी विधवा आहे. दीर येऊन शाळेच्या दारात बसतो, “चला वैनी, झाली तेवढी नोकरी बास.” पोरांच्या आया पहाटे माझ्या वाटेला येत नाहीत. चार भिंतीवरून दिसणारा तो धूर मनातून जात नाही. ज्यांनी मला तिथं मुकी केलं, त्या आज साताऱ्याला आमचा सातारा म्हणतात, आणि मी इथं कोंडलेली.

मी साताऱ्याची बदली मागितली.

हेडमास्तर म्हणाले, “बाईमाणसानं आपल्या मुलखात राहावं. साताऱ्यात तुमचं कोण आहे?”

“कोन न्हाई,” मी म्हणाले. “म्हनूनच जायाचं हाय.”

बदली नाकारली. मी परत मागितलीय. परत नाकारली तर नोकरी सोडून जाईन. पेठेत एखादी खोली बघीन, पोरी जमवीन, माझ्या बोलीत शिकवीन. कुणाला खपलं नाही तर त्यांनी उठून जावं. मी उठणार न्हाई.