उलटी बाही

गल्लीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. शिवताना चार टाचण्या तोंडात धरायची सवय, आणि त्या काढल्यावर बोलणंही तसंच टोचरं. कामाला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. चूक झालीच तर गिऱ्हाईक यायच्या आत उसवायचं, पुन्हा शिवायचं आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही तिची पंचवीस वर्षांची रीत. उसवलेल्या दोऱ्याचा तुकडासुद्धा ती जमिनीवर राहू देत नसे.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं लांब टेबल आणि टेबलाच्या टोकाला शाळेनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर. तो सोळा वर्षांच्या लेकीचा. त्यावर तिनं आईसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. मापं भरली की पाठ, पुढा, बाह्या, कॉलर असे सगळे तुकडे कापडावर कसे मांडले तर कापड कमी वाया जाईल, ते तो चित्र काढून दाखवायचा. त्याच्याच जोरावर ती परदेशातल्या कॉम्प्युटर शिबिरासाठी अर्ज करत होती. देशोदेशीची मुलं तीन आठवडे एकत्र राहणार, एकमेकांचे प्रोग्रॅम तपासणार, आणि पुढच्या वर्षी तिकडची मुलं इकडे येणार. अर्ज आज पाचच्या आत जायला हवा होता. तीन वाजले होते आणि राहिली होती फक्त पालकाची सही.

"आई, अर्ज पडद्यावर भरलाय, सही या कागदावर कर. मी त्याचा फोटो काढून पाठवते."

"वाचल्याशिवाय नाही."

शेजारचे इस्त्रीवाले काका कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभे होते. "कर की गं! पोरगी विमानात बसायला निघाली, तू काय विमानाचं माप घेऊन मग सोडणार?"

"तुम्ही परवा कॉलर करपवलीत, तिचं काय ते बघा आधी."

काका गठ्ठा ठेवून निघून गेले. ती पडद्यावरच्या ओळींखाली बोट धरून वाचू लागली. सहाव्या प्रश्नाशी बोट थांबलं. 'तुमचा प्रोग्रॅम प्रत्यक्ष कोण वापरतं? वापरताना त्याचं काय चुकलं?' खाली लेकीचं उत्तर होतं: 'माझी आई रोज वापरते. आजवर एकही चूक झालेली नाही.' आणि सहीच्या कागदावर छापलं होतं, 'अर्जातला सर्व मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.'

तिनं पेन उचललं आणि सहावं उत्तर पुन्हा वाचलं.

चार महिन्यांपूर्वी गाण्याच्या बाईंचं मखमलीचं जॅकेट आलं होतं. प्रोग्रॅमनं एक बाही उलटी फिरवून मांडली. मखमलीला लव असते, सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे असतात, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण लेक शेजारी उभी होती. "बघ ना आई, वीतभर कापड वाचलं!" त्या चेहऱ्याकडे बघून तिनं कात्री चालवली. जॅकेट शिवून खिडकीपाशी धरलं, तर एक बाही गडद आणि दुसरी फिकट. लेक शाळेत होती. तिनं दोन्ही बाह्या उसवल्या, पदरच्या पैशानं कापड आणून नव्या लावल्या. संध्याकाळी लेकीनं विचारलं, "बसलं ना बरोबर?" ती म्हणाली, "एकदम." तेव्हापासून मखमल आली की लेक शाळेत गेल्यावर ती हातानंच मांडणी करायची.

आता सांगितलं तर कापड नासवणाऱ्या प्रोग्रॅमला कोण निवडेल? आणि नाही सांगितलं, तर तिकडे पहिल्याच दिवशी कुणी विचारेल, कापडाला दिशा असते हे याला कळतं का? तेव्हा पोरीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

तिनं पेन ठेवलं आणि सर्वांत खालचा खण उघडला. दोरासुद्धा न ठेवणाऱ्या तिनं त्या दोन बाह्या मात्र टाकल्या नव्हत्या.

"दोन्हींवर वरून खाली हात फिरव."

लेकीनं फिरवला. एक बाही मऊसूत, दुसरीची लव उभी राहिली. पोरगी हुशार. क्षणात तिच्या ध्यानात आलं.

"गाण्याच्या बाईंचं जॅकेट?"

"हं."

"पण तू तर म्हणालीस, एकदम बसलं!"

"बसलं. दुसऱ्या खेपेला."

"चार महिने, आई! मी सगळीकडे सांगत सुटले, एकही चूक नाही म्हणून!"

"तुझा हिरमोड झाला असता गं बयो."

"चूकच कळली नाही तर मी दुरुस्त काय करू? तुझं डोकं?"

एरवी असं बोलणं तिनं ऐकून घेतलं नसतं. पण ही जीभ कुणावर गेली आहे, ते तिला कळत होतं. लेक फणकाऱ्यानं खुर्चीत बसली, बाह्यांकडे बघत राहिली. मग तिनं पडद्यावरचं सहावं उत्तर पुसलं.

"अजून काय चुकतं? खरं सांग."

"चौकडीच्या रेघा शिवणीपाशी जुळत नाहीत."

"पुढे?"

"जाड कापडाला शिवणीसाठी जास्त जागा लागते. तुझा तो सगळ्यांना सारखीच सोडतो."

"हेही तू गुपचूप निस्तरलंस?"

"तीनदा."

लेक टाइप करत होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती चुका एकेक करून मोठ्यानं सांगत होती, आणि कुणीतरी त्या लिहून घेत होतं. तिला थांबावंसं वाटेना.

पावणेपाचला तिनं सगळं पुन्हा वाचलं आणि सही केली. अर्जासोबत दोन बाह्यांचा फोटो गेला.

निवड कळायला महिना होता. दुसऱ्या दिवशी रविवार. डॉक्टरीणबाई मखमल घेऊन आल्या. तिनं मापं भरली, पडद्यावर चित्र उमटलं. तिनं डॉक्टरीणबाईंकडे एकदा पाहिलं, तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली,

"बयो, ये बघू इकडे. तुझ्या यंत्रानं परत बाही उलटी घातलीय!"