नैवेद्याआधीचं ताट

मल्हारी साळवे प्रसाद खात नाही, हे सायखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तरुणपणी त्याने बुद्धाला शरण जाऊन प्रतिज्ञा घेतल्या. त्यांत प्रसादाबद्दल अक्षर नव्हतं. पण ज्या देवाला हात जोडायचे नाहीत त्याच्यासमोर ठेवलेलं अन्न खायचं नाही, असा अर्थ त्याने आपल्यापुरता लावला आणि पाळला. कोणाच्या देवाला त्याने कधी नाव ठेवलं नाही. आग्रह झाला तर 'मी घेत नाही' एवढंच म्हणायचं. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून चौतीस वर्षं काढली, तेवढ्या वर्षांत साहेबांच्या सत्यनारायणालाही तो एवढंच म्हणत आला.

गोरक्षच्या घरी मात्र हे त्याला एकदाच म्हणावं लागलं.

गोरक्ष सायखेड्याचा, द्राक्षबागवाला, शाळेत मल्हारीच्या बाकावरचा. मल्हारी नोकरीसाठी नाशकात गेला, तिथल्या कॉलनीत घर केलं, तरी चंपाषष्ठीला गोरक्षचा फोन ठरलेला. "तुझ्याच नावाचा देव हाय. तूच नसला तर भरीत कुणाला घालू?"

"नाव आईनं ठेवलं. मला कुठं विचारलं होतं?" मल्हारी म्हणायचा, आणि सकाळच्या एसटीने हजर व्हायचा.

पहिल्या वर्षी गोरक्षची नवी नवरी धोंडाबाई वाढायला आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, "वहिनी, देवाला दाखवलेलं मी घेत नाही. राग मानू नका." पुढच्या वर्षी तो पोचला तसं तिने ओट्यावर पाट मांडला आणि गरम भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात असं ताट आणून ठेवलं. आत अजून देवाची तळी उचलायची होती. तो जेवला. त्यानंतर दरवर्षी तसंच झालं. आतली पंगत बसायची तेव्हा मल्हारी ओट्यावर सुपारी कातरत बसलेला असायचा. भरीत उत्तम असायचं. गोरक्ष शेजारी बसून बागेच्या गप्पा मारायचा. मल्हारीला त्यात कधी काही खटकलं नाही.

खटकलं ते सहा वर्षांपूर्वी. मल्हारीच्या मुलाचं, प्रफुल्लचं, लग्न नुकतंच झालं होतं आणि नवी सून अंजली हौसेने सासऱ्याबरोबर आली होती. ती शाळेत शिकवते, नजर बारीक. तिच्यासाठीही ओट्यावर दुसरा पाट मांडला गेला. आतून पंगतीची पानं मांडल्याचा आवाज येत होता. अंजलीने हळू आवाजात विचारलं, "बाबा, तुम्ही नेहमी इथं बाहेरच जेवता?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. पण मल्हारीचा हात थांबला. याच ओट्यावर त्याचा बाप बसायचा. गोरक्षच्या आज्याकडे सरपणाच्या कामाला यायचा, आणि त्याचा चहा कोपऱ्यातल्या कान तुटलेल्या कपात यायचा, वरून ओतलेला. मल्हारी तेव्हा सात वर्षांचा होता. ती जागा आणि ही जागा एकच, हे तीस वर्षांत त्याच्या मनात आलं नव्हतं.

"पोट बरं नाही," म्हणून तो उठला. ताटातली भाकरी मोडलेलीसुद्धा नव्हती. धोंडाबाई ठेच्याची वाटी घेऊन दारात उभी होती.

घरी आल्यावर सुलाबाईने, त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. धोंडाबाईची आणि तिची गट्टी होती. दवाखान्याला नाशकात आली की धोंडाबाई तिच्याकडेच उतरायची. "आपल्याकडंही तिच्या उपासाच्या भगरीचं पातेलं वेगळं आहे की," सुलाबाई म्हणाली. "विचारा तरी एकदा."

"पातेलं वेगळं असतं, पंगत नाही. आणि विचारायचं काय? मला आत बसवा म्हणू?"

त्याने विचारलं नाही. पुढच्या चंपाषष्ठीला गोरक्षचा फोन आला, त्याने कुणाच्यातरी लग्नाचं निमित्त सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाहुणे आले असल्याचं सांगितलं. तिसऱ्या वर्षी फोन आला नाही, आणि आपण त्यांना बरोबर ओळखलं होतं, याचं मल्हारीला समाधान झालं. ते समाधान त्याने नीट जपलं.

यंदा माघात गोरक्षच्या मुलाचा, महेशचा फोन आला. "काका, आई गेली. चार महिने आजारी होती. दशक्रिया गुरुवारी, घाटावर."

सुलाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मल्हारी एकटा गेला.

गोदेच्या घाटावर मंडप होता, खुर्च्या, माईक. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. बाजार समितीवाले बोलले, सोसायटीवाले बोलले. सूत्रसंचालकाने मल्हारीला ओळखलं आणि 'साळवे भाऊसाहेब दोन शब्द बोलतील' असं परस्पर जाहीर करून टाकलं. मल्हारी उठला. कारकुनी आयुष्यात निरोप समारंभ खूप केले होते, शब्द सापडायला वेळ लागला नाही. "वहिनी अन्नपूर्णा होत्या," तो म्हणाला. "त्यांच्या दारातून कोणी उपाशी उठलं नाही."

पुढच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या गोरक्षने या वाक्याला वर पाहिलं. मल्हारीने माईक खाली ठेवला.

नंतर गोरक्षच्या घरी, लोक पांगल्यावर, महेशची बायको पूजा त्याच्याकडे चहा घेऊन आली. चहा देऊनही ती गेली नाही.

"काका, एक विचारू? आईंच्या मनात शेवटपर्यंत होतं म्हणून विचारते. त्या दिवशी तुम्ही ताटावरून उठलात. तुम्हाला असं वाटलं का, की ते नैवेद्यानंतरचं आहे?"

मल्हारीला कळेना. "नैवेद्यानंतरचं?"

"आई तुमचं ताट आधी काढायच्या ना. तव्यावरची पहिली भाकरी तुमची. तुमचं जेवण झाल्याशिवाय नैवेद्य दाखवायच्या नाहीत. म्हणायच्या, उष्टावल्यासारखं होतं देवाला, पण त्या माणसाचा नेम मोडायचा नाही. मोठ्या सासूबाई असताना लय बोलणी खाल्ली त्यांनी. देवाच्या आधी घरात घास घ्यायचा नाही असा दंडक होता. मग आईंनीच तोड काढली, घरात नाही, ओट्यावर. पंगतीत बसवलं तर प्रसाद वाढताना तुम्हाला चारचौघांत नाही म्हणावं लागलं असतं, तेही टळलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या कडक उपास धरायच्या. देवाची माफी म्हणून. पाणीसुद्धा नाही."

"दरवर्षी?"

"तुम्ही यायचात तेवढी वर्षं. नंतर दोनदा ताट काढून ठेवलं. मग मामंजी म्हणाले, बंद कर." पूजा थांबली. "आईंना वाटायचं, गडबडीत चुकून आधी देवाला दाखवलं गेलं असेल, आणि ते तुम्हाला कळलं. आपण फसवलं असं तुम्हाला वाटलं असेल, म्हणायच्या. तेवढं सांगा, काका. तसं होतं का?"

"नाही, बाळा," मल्हारी म्हणाला. "तसं नव्हतं."

मग कसं होतं, हे तिने विचारलं नाही. चहावर साय धरली होती.

गोरक्ष मागच्या अंगणात एकटा बसला होता. मल्हारी त्याच्यासमोर उभा राहिला. काय म्हणायचं ते ठरलं नव्हतं.

"पूजानं सांगितलं," तो म्हणाला.

"तुला काय वाटलं होतं ते मला तवाच कळलं होतं," गोरक्ष म्हणाला. "पोट दुखणारा माणूस तसा उठत नाय."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुला सांगायला आलो असतो तर तिला कळलं असतं, की ह्या माणसाला असं वाटलं. तिला ते ऐकवायचं नव्हतं. आणि खरं सांगू? मला राग आला. तीस वर्षं माझ्या घरचं खाऊन तुला एवढंच समजलं होय? म्हटलं, जाऊ दे."

"माझा बाप तिथंच बसायचा, गोरक्ष. त्याच ओट्यावर. तुझ्या आज्यानं बसवलेला."

"माहीत हाय."

मल्हारी त्याच्यासमोर खाली बसला. मग गोरक्ष म्हणाला, "तिला माहीत नव्हतं. ती पिंपळगावची, तिला काय ठाऊक. मला माहीत होतं. तुझा पाट ती तिथं मांडायची तवा मी रोखायला पायजे होतं. माझ्या ध्यानात आलं नाय. एकदाबी नाय."

"माफ कर," मल्हारी म्हणाला.

"मला कशाला म्हणतो? मी काय उपास धरला?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निघताना गोरक्ष त्याला सोडायला फाट्यापर्यंत आला. एसटी लांबून दिसली तसा म्हणाला, "यंदा सण नाय आमच्याकडं. वरीस पाळायचं." पुढच्या वर्षी ये, असं तो म्हणाला नाही, आणि मल्हारीनेही येतो म्हटलं नाही.

एसटीत मल्हारी एकच हिशेब मनात करत राहिला. धोंडाबाईला आपल्याकडून काही चुकलं असं वाटलं तर तिला उपास होता. दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं, तिसऱ्या दिवशी कामाला लागायचं. त्याने जो धम्म पत्करला त्यात अशी सोय नव्हती. केलं ते आपलं, आपणच घेऊन चालायचं. ही शिकवण त्याने विहारातल्या व्याख्यानांत कितीतरी वेळा सांगितली होती, तरण्या पोरांना, ठसक्यात.

घरी सुलाबाई पाय लांब करून पलंगावर बसली होती. त्याने चपला काढल्या आणि उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न गाळता. ओट्याचं, पहिल्या भाकरीचं, निर्जळी उपासाचं. सुलाबाई ऐकत राहिली. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"दिवाळीच्या आधी तिचा दोनदा फोन आला होता," ती म्हणाली.

"मग?"

"तुम्ही इथंच बसला होता पेपर वाचत. तुम्हाला आवडणार नाही म्हणून मी उचलला नाही."