चटणीच्या रंगाचा बेडूक

मी रबरी बेडूक करतो आणि ते रंगवतो. मला तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आता लिहिली आहेत, तर खोडणार नाही.

आमच्या गावाखालून कृष्णा जाते. कडेच्या गवतात मरळ मासळी लपून बसते आणि बेडूक दिसला की पाण्यातून उसळी मारते. तिला फसवायला हा नकली बेडूक. लोक रबरी म्हणतात, पण ते रबर नसतं. दुधासारखं पातळ प्लास्टिक बाटलीतून येतं. गोठ्यामागे विजेच्या शेगडीवर, तोंडाला फडकं बांधून, ते मी एका जुन्या पातेल्यात तापवतो. आधी ते दह्यासारखं गचगचीत होतं आणि जरा वेळाने काचेसारखं स्वच्छ. त्या घडीला रंगाचे थेंब टाकायचे, चिमूटभर चमकी टाकायची आणि साच्यात ओतायचं. उशीर झाला तर ते करपतं आणि गोठ्यातली म्हैस शिंकते. थंड झाल्यावर साच्यातून काढलं की बेडूक असा लुसलुशीत, पाय हलवणारा, की मुठीत धरवत नाही.

रंगाच्या बाटल्या ओळखायचं काम बायकोचं. प्रत्येक बाटलीला तिने पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर रंगाचं नाव लिहिलेलं असतं. मी पट्टी वाचून थेंब मोजतो. तयार बेडूक ती बघते, मग पाकिटात रंगाच्या नावाची चिठ्ठी जाते, ती मात्र मी लिहितो. आमचं हे गुपित लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं. तिच्या डोहाळजेवणाला मला हिरव्या बांगड्या आणायला पाठवलं होतं. मी दोन डझन विटकरी घेऊन आलो. तिने सगळ्यांसमोर त्या पदराखाली घेतल्या, "माप चुकलं," म्हणाली आणि स्वतः जाऊन बदलून आणल्या. एक प्रश्न विचारला नाही.

आता फौजेच्या भरतीचं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझा चुलतभाऊ माझ्याहून चार महिन्यांनी मोठा. शाळेत एक बाक, नदीत एक डोह, मार खायला एकच मास्तर. आमच्या भावकीत घरटी एक माणूस फौजेत. माझे वडील फौजेतून आलेले, चुलते शेती बघायचे. आम्ही दोघं पहाटे कालव्याच्या रस्त्याने पळायचो आणि एकाच चिंचेच्या फांदीला लोंबकळायचो. भरती लागली तेव्हा एकाच एस.टी.ने गेलो. पळायला एकाच तुकडीत होतो. तो पुढे, मी मागच्या गर्दीत. दोघंही वेळेत पोचलो, पण त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं. मग छातीवरच्या आकड्यांप्रमाणे रांगा लागल्या आणि आमची ताटातूट झाली.

दुपारी डॉक्टरने माझ्यासमोर रंगीत ठिपक्यांचं पुस्तक धरलं.

"नंबर बोलो."

"ठिपके हैत साब."

"ठिपकों में नंबर है. बोलो."

पान उलटलं. पुन्हा ठिपके. माझ्या मागचा पोरगा हसला. तीन पानांनंतर डॉक्टरने पुस्तक मिटलं आणि पुढच्याला बोलावलं. छाती भरली होती, उंची भरली होती, दम टिकला होता, आणि मी ठिपक्यांत अडकलो.

वडिलांना हे कसं सांगायचं? डोळ्यात खोट आहे, असं त्या घरात सांगायचं? एस.टी. स्टँडच्या मागे एक पडकी भिंत होती. तिथली वीट उचलली आणि गुडघ्यावर घासली. रक्त आलं तेव्हा बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. घरी गेलो आणि म्हणालो, पळताना त्याने पाय घातला, मी पडलो.

दुसऱ्या दिवशी तो निवड होऊन आला, पेढे घेऊन. वडिलांनी पेढ्यांचा पुडा अंगणात फेकला. "आवं काका, मी म्होरं व्हतो. मागं बघितलंसुदिक न्हाई," तो म्हणत राहिला. वडिलांनी माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. बस्स, तेवढंच केलं मी. मान वर केली असती तर सगळं मिटलं असतं.

दोन घरांचं जाणंयेणं तुटलं. त्याच्या लग्नाला आम्ही नव्हतो, माझ्याला ते नव्हते. चुलते गेले तेव्हा वडील गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले आणि तिथूनच हात जोडून मागे फिरले. स्वतःचा सख्खा भाऊ. पुढे वडीलही गेले, माझ्यावर विश्वास ठेवूनच. काकी, म्हणजे त्याची आई, पाणवठ्यावर आली की बायका कुजबुजायच्या, भावाला पाडणाऱ्याची आई.

तो नोकरी पुरी करून परत आला. कुठल्या कुठल्या नद्यांवर राहून रॉड आणि रिळाने मासे धरायचा नाद लावून घेतला होता. सकाळी तो वरच्या बाजूला बसायचा, मी खालच्या. मधे पाणी वाहायचं, बोलणं नाही.

गेल्या साली एकदा बाटल्या तेलकट झाल्या म्हणून मी धुतल्या. दोन पट्ट्या सुटल्या. बायको माहेरी होती. थांबायला हवं होतं, पण त्या दिवशी मला वाटलं, इतकी वर्षं हे करतोय, एवढं तर कळेलच की. बाटल्या उजेडाला धरल्या, अंदाजाने पट्ट्या लावल्या आणि बेडकांचा एक घाणा काढला. चिठ्ठीवर लिहिलं, हिरवा. पाकिटं आष्ट्याच्या बाजारात गळाचं सामान विकणाऱ्याकडे टाकली.

आठवड्याने दुकानदाराचा फोन. "तुमच्या बेडकाला गिऱ्हाईक आलंय. मोठी मरळ घावली म्हणं. या जरा."

गेलो, तर दुकानात चुलतभाऊ. हातात माझा बेडूक, पाठीवर दातांचे व्रण. माझ्याकडे न बघता तो दुकानदाराला म्हणाला, "ह्यांना इचारा, चिठ्ठीवर हिरवा लिवलंय. आत तांबड्या चटणीच्या रंगाचा बेडूक कसा?"

दुकानदार खदखदून हसला. "कांदालसणीच्या बरणीत पडला असंल! फोडणीचा बेडूक!"

दोघंही माझ्या उत्तरासाठी थांबले होते. मी म्हणालो, "बायकोनं लिवलंय ते. तिला चष्मा लागलाय, पर ऐकत न्हाई."

कसलाही अडथळा न येता आलं ते तोंडातून. जीभ आपणहून त्याच वाटेने गेली. भावाने चिठ्ठी उलटसुलट पाहिली, खिशात घातली आणि दुकानदाराला सांगितलं, "ह्यांना म्हणावं, आणिक दहा. ह्याच रंगाचे." आणि गेला.

पुढच्या बाजारी बायको आष्ट्याला गेली. परत आली ती पिशवी न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली.

"आवं, मला चष्मा कवा लागला?"

मी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"दुकानदार म्हणतोय, वहिनी, आता चष्मा घ्याच. चार मानसं हसली. तुमच्या डोळ्यांचं मी येवढी वर्सं झाकलं ते ह्याच्यासाठनं? आधी तुमच्या भावाच्या पायावर घातलंत, आता माझ्या डोळ्यांवर घालताय?"

"पायाचं तुला कुणी सांगिटलं?"

"कोन सांगतंय? तुमच्या गुडघ्याकडं रोज बघतीय. पळताना पडलेल्या मानसाला अशा सरळ रेघा उठत्यात व्हय? म्या शाळा कमी शिकले, पर भांडी घासलीत. घासल्याल्या खुणा कळत्यात मला."

तिने पिशवी ठेवली, रंगाच्या सगळ्या बाटल्या समोर मांडल्या आणि एकेक पट्टी ओढून काढली. "आता तुमचं तुमी बगा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नदीच्या वरच्या बाजूला गेलो. भाऊ गळ टाकून बसला होता. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. ठिपक्यांचं पुस्तक, वीट, स्टँडमागची भिंत. तू पाय घातला नव्हतास. बेडकाची चिठ्ठीही मीच लिहिली.

त्याने दोर गुंडाळत आणला. बेडूक पाण्यातून वर आला, थेंब गाळत. "अक्षर तुझं हाय, ते दुकानातच कळलं व्हतं," तो म्हणाला. "आन् पाय म्या घातला न्हाई, हे मला कवाचं ठावं हाय रं. मला सांगून काय उपेग? आईला जाऊन सांग."

मला वाटलं होतं, मारेल. मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

काकी दारात शेंगा फोडत बसली होती. तो उंबरा मी तीस वर्षांत ओलांडला नव्हता. बाहेरच उभा राहून हळू आवाजात बोलू लागलो.

"मोठ्यानं बोल. ऐकू येत न्हाई मला," ती म्हणाली.

पुन्हा बोललो, जरा चढ्या आवाजात. समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

"आं? कुणी पाय घातला?"

"कुणीच न्हाई, काकी!"

"मग पडलास कसा?"

"पडलोच न्हाई! मला तांबडा-हिरवा दिसत न्हाई, म्हणून काढलं! गुडघा मी विटेनं फोडला!"

तोवर गल्लीत सात-आठ माणसं उभी. एक मोटरसायकलवाला पाय टेकून थांबलेला. मागून आलेला भाऊ म्हणाला, "आई, तुला तर शेजारच्या घरातला फोन वाजल्याला ऐकू येतो."

"तू गप," काकी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आजून एकदा. पयल्यापासनं."

मी पहिल्यापासून सांगितलं, ओरडून. तिसऱ्यांदा सांगताना माझी मान वर होती, हे माझ्या लक्षात आलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तुझ्या बाला सांगायचं व्हतंस," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, व्हय. तिने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "बस. फोड. चा देनार न्हाई."

संध्याकाळी माझा सख्खा थोरला भाऊ घरी आला. "येडा झालास काय रं? पोरगी लग्नाची हाय. डोळ्यांचं रक्तातनं जातं म्हणत्यात. आत्ता कशाला काढलंस?" मी म्हणालो, ज्यांना विचारायचं त्यांनी येऊन मलाच विचारावं. सगळं सांगेन. लपवून केलेल्या गोष्टीचं काय होतं ते दोन घरांनी पाहिलंय. माझ्या नातवाला उद्या कुणी ठिपके दाखवले, तर त्याला घरी येऊन वीट शोधावी लागणार नाही. थोरला चहा न घेता गेला. जाऊ दे.

वडिलांचं मात्र काही करता येत नाही. तो पेढ्यांचा पुडा अंगणात पडलेला आहे तसाच आहे. मी त्याला मोठ्याने ओरडून उचलू शकत नाही.

आता मी गोठ्यामागे जात नाही, अंगणातच शेगडी मांडतो. येणारेजाणारे टोमणे मारतात. "आज कंचा रंग, साहेब?" मी बेडूक त्यांच्यासमोर धरतो. "तुमीच सांगा." पट्ट्या बायकोने अजून लावलेल्या नाहीत. भावाने बाटल्यांच्या बुचांना सुरीने खाचा पाडून दिल्या, एक खाच, दोन खाचा. मी बोटाने चाचपतो आणि थेंब टाकतो. पहिले दहा चटणीच्या रंगाचे त्याला दिले.

आणि काकीकडे पाहुणा आला की मला बोलावणं येतं. परवा तिची बहीण आली होती, मलकापूरहून. निरोप आला तेव्हा पातेलं शेगडीवर होतं. तसाच हात पुसत गेलो.

"हिनं आजून ऐकलं न्हाई," काकी म्हणाली. मग माझ्या हातांकडे पाहिलं. "हे काय रं बरबटलंय? कंचा रंग?"

"मला दिसत न्हाई, काकी."

"आं? मोठ्यानं!"

मी दारात सरळ उभा राहिलो आणि गल्लीला ऐकू जाईल असं पहिल्यापासून सुरू केलं.