चिंचेनं घासलेला नंबर

ये वं पोरी, सरक जवळ. तू तिकडे पुण्यात आणि मी इकडे धाड गावाच्या अलीकडे मळ्यात, पण हे वाचताना माझ्या खाटेवर येऊन बसलीस असं समज. मला थोडं रागवायचं आहे, आणि लांबून रागावलं की लागत नाही. परवा फोनवर काय विचारलंस? “मावशी, विकली का गं ती गाडी?” बाजारात नेलेली शेळी विकली का, असं विचारतात तसं. नाही विकली. पण ती माझ्या नावावर करून घेताना काय झालं, ते तुझी आई हसत हसत सगळ्यांना सांगते, आणि तूही हसली असशील. म्हणून माझ्याकडून ऐक.

ती जर्मन गाडी आमच्या ह्यांनी, तुझ्या काकांनी, एका डॉक्टरकडून घेतली, तेव्हा तू जन्मली नव्हतीस. डिझेलची, भांड्यासारख्या जाड पत्र्याची, दार लावलं की तिजोरीसारखा आवाज करणारी. भेंडी-वांग्याच्या मळ्यात ती कशाला, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. काकांना तिच्यात बसायला आवडायचं. बॉनेट उघडायला नाही.

महिनाभरात तिनं सोंग काढलं. चावी फिरवून बाहेर काढली तरी इंजिन बंद होईना. चावी काकांच्या हातात आणि गाडी आपली घुर्रर्र करत उभी. आठवडी बाजारात लोक जमले. “मालक, भूत लागलं गाडीले,” म्हणून एकानं लिंबू आणून दिलं. गॅरेजवाला म्हणाला, चावीचा स्विच गेला. स्विच बदलला, तरी तेच. मग गाडी आठ दिवस गोठ्यापाशी पडून होती, आणि मी रोज शेण काढता काढता तिच्याकडे बघायची. एक दिवस बॉनेट उघडलं. इंजिनाकडून एक बारीक रबरी नळी जात होती, तिला केसाएवढी चीर होती. गाडीबरोबर आलेलं पुस्तक जर्मन भाषेत होतं, पण चित्रांना भाषा नसते. चित्रात दाखवलं होतं की इंजिन नळीतून हवा ओढून बंद होतं, विजेच्या तारेनं नाही. चिरलेल्या नळीतून हवा गळत होती. मी फवारणीच्या पंपाची नळी कापून बसवली. चावी फिरवली. गप्प. पोरी, तसली शांतता मी आयुष्यात दुसरी ऐकली नाही.

त्यानंतर मी थांबले नाही. हीटर प्लग, फिल्टर, व्हॉल्व्हची फट, सगळं शाळेच्या वहीत चित्र काढून शिकले. शिलाई मशीनचा आवाज ओळखणाऱ्या कानाला इंजिनाचा आवाज ओळखायला फार वेळ लागत नाही. पाना माझ्या हातात असायचा आणि काका खुर्ची टाकून समोर बसायचे. “अवं, झालं का?” एवढंच त्यांचं काम. वाईट माणूस नव्हते ते. पण कोणी विचारलं की म्हणायचे, “मीच ठेवतो हो गाडी, दुसऱ्याले हात लावू देत नाही.”

एकदा जुन्या गाड्यांचा मेळावा भरला होता, जालन्याच्या बाजूला. आमची गाडी बघून सगळे खूश. काकांना मंचावर बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. माइक धरून एकानं विचारलं, “ही गाडी चावीनं बंद होत नाही, ही तक्रार सगळ्यांची असते. तुम्ही काय केलं?” काकांनी खाली माझ्याकडे बघितलं. मी बायकांच्या रांगेतून ओरडले, “नळी बदलली!” माइकवाला म्हणाला, “ऐका, साहेब म्हणतात नळी बदलली!” टाळ्या झाल्या. घरी येताना गाडी काका चालवत होते आणि शाल त्यांच्याच खांद्यावर होती. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत होते.

आता नंबराचं सांगते. बॉनेट उघडलं की इंजिनामागच्या पत्र्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. कारखान्यात गाडी जन्मली तेव्हा ठोकलेला. मला वाटायचं, हे तिचं कपाळ. दसऱ्याला लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मी तेही करायची, पण त्याआधी देव घासतात तसा तो नंबर घासायची. भिजवलेली चिंच, थोडं मीठ आणि नारळाचा काथ्या. घासला की आकडे चांदीसारखे निघायचे. मग त्यावर ओलं कुंकू आणि नारळाचं पाणी. दरवर्षी. आपल्या घरच्या अन्नपूर्णेचे नाक-डोळे घासून घासून गेले, तरी तिला कोणी देव्हाऱ्यातून काढलं नाही. लोखंडाचं तसं नसतं, हे मला कळायला हवं होतं. बॅटरीच्या टोकाला पांढरं फूल धरलं तर मीच गरम पाण्यानं धुवायची आणि म्हणायची, ॲसिड खातं बाई लोखंडाला. चिंच आंबट असते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. स्वयंपाकघरातलं डोकं आणि गाडीतलं डोकं मी वेगळं ठेवलं होतं, आणि तिथंच फसले.

काका गेले. त्याच वर्षी गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. म्हणजे पुन्हा पासिंग करायचं, आणि त्याच कागदांत गाडी माझ्या नावावर करायची. मला बाकी काही नको होतं. शेत पोराच्या नावावर, घर दिराच्या आणि पोराच्या. ही एक वस्तू मी हातानं जिवंत ठेवली होती, तिच्या आरसीवर माझं नाव हवं होतं. दिरानं सांगितलं, “वहिनी, भंगारात देऊन टाका. तुमाले काय करायची या वयात?” मी म्हटलं, “भाऊजी, तुमचे गुडघे बदलायचे झाले तर तुम्हाला देऊ का भंगारात?” ते आठ दिवस बोलले नाहीत.

पासिंगला मी स्वतः चालवत नेली. ब्रेक धरले, धूर नियमात बसला, दिवे, वायपर, हॉर्न, सगळं ठीक. तपासणारा अधिकारी तरुण होता. चांगला होता पोरगा. म्हणाला, “आजी, नव्या गाड्यांचं इंजिनपण इतकं साफ नसतं. कोण बघतं?” मी म्हटलं, “मीच.” तो हसला, पण वाईट नाही. मग त्यानं कागद आणि पेन्सिल घेतली, नंबरावर कागद ठेवून घासलं. कागदावर नुसतं काळं उतरलं. पुन्हा घासलं. मोबाईलनं फोटो काढला, तिरका उजेड पाडून बघितलं. पहिले तीन आकडे, शेवटचा एक, मधलं सपाट.

“आजी, नंबर कोणी घासला?”

मला खोटं बोलता आलं असतं. गंज लागला म्हणता आलं असतं. मी म्हटलं, “मी. चिंचेनं.”

त्यानं पेन्सिल खिशात ठेवली. मग हळू आवाजात त्यानं समजावलं, की पुसलेला नंबर म्हणजे चोरीची गाडी असा संशय घेतात. आता पोलिसांचा दाखला आणायचा, कंपनीचं पत्र मागवायचं, मगच परवानगीनं नंबर पुन्हा ठोकता येतो. दार होतं, बंद नव्हतं. फक्त त्या दारातून मला एका कागदाखालून वाकून जायचं होतं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

ठाण्यात जबाब लिहायचा होता. ओळख पटवायला दीर बरोबर. लिहिणाऱ्यानं विचारलं, गाडीची देखभाल कोण करत होतं? मी म्हटलं, “मी करत होते. लिहा.”

त्यानं पेन थांबवला. “काकू, तसं लिहिलं त वरून विचारतीन. तुमी मेकॅनिक का? गॅरेजचा कागद हाय का? मंग नंबर तुमीच मुद्दाम घासला, असं होते. काऊन लफडं वाढवता?”

“लिहा साहेब,” दीर म्हणाले, “भाऊच पाहत होता गाडी. वहिनीले काय समजते त्यातलं? देव घासल्यासारखा घासला बिचारीनं.”

मी म्हटलं, “भाऊजी, तुमच्या मोटरसायकलचा क्लच कोणी बसवला होता?”

“वहिनी, गाडी पाह्यजे का नाही?”

ते खरं होतं. गाडी हवी होती. लिहिणाऱ्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: सदर वाहनाची देखभाल मयत पती स्वतः करीत होते. अर्जदार पत्नी हिने वाहनाबाबत माहिती नसल्याने, अज्ञानाने, पूजेच्या वेळी नंबर घासला.

सातवी शिकलेली बाई आहे मी. प्रत्येक शब्द कळला. अंगठा नाही दिला, सही केली. अक्षर सरळ आलं, त्याचंच मला नवल वाटतं.

दाखला आला, पत्र आलं, पुसलेल्या आकड्यांच्या खाली नवे ठोकले. त्याच अधिकाऱ्यानं पास केली आणि म्हणाला, “आजी, अभिनंदन.” आरसीवर माझं नाव आहे. पण गाडीच्या फाइलमध्ये तो जबाबही आहे, माझ्या सहीचा. उद्या कोणी गाडीचा इतिहास काढला तर मालकिणीचं नाव सोडून त्यात मी एकदाच सापडेन, अज्ञानानं नंबर घासणारी. काकांचा राग येत नाही आता, गेलेल्या माणसावर रागवून काय करायचं. सहीचा येतो. तू म्हणशील, कागदच तर आहे. माझ्याकडे दुसरा कागद कुठे आहे सांग ना?

बरं, झालं रागावून. आता कामाचं ऐक. व्हॉल्व्हची फट मोजायची पत्ती माझ्या डोळ्यांना दिसेनाशी झाली आहे. बोटांना कळतं, पण पत्तीवरचा आकडा वाचायला डोळे लागतात. पोराला वेळ नाही आणि दिराला विचारणार नाही. तू ये. जुने कपडे घेऊन ये, काळे होतील. दोन दिवस राहा, पहिला दिवस नुसता बघायला आणि दुसरा हात लावायला. एसटीनं धाडला उतर आणि फोन कर, स्टँडवर गाडी घेऊन मी येते. दिवाळीची वाट बघू नको गं, ह्याच महिन्यात ये.