कनकांबराची पेशी

माणसाच्या तोंडाकडे बघून त्याची तब्येत कळते, यावर आमच्या चेन्नईतल्या वेलचेरीच्या बिल्डिंगमधल्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा काडीइतका विश्वास नाही. जन्मभर लॅबमध्ये रक्त तपासून निवृत्त झालेला हा तंजावरी मराठी माणूस लिफ्टमध्ये भेटला, की चेहऱ्याआधी टोचायला आपलं बोट बघतो. जेवणाच्या टेबलावर त्यांचा मायक्रोस्कोप असतो, त्यामुळे काका स्वतः जमिनीवर जेवतात.

माझी बायको न्यूमोनियाने हॉस्पिटलात पडली, तेव्हा काका रोज तिच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन जात. तिथली सिस्टर त्यांची जुनी विद्यार्थिनी, तिची काय बिशाद नाही म्हणायची! पहिल्याच दिवशी म्हणाले, "सगळे शिपाई बाहेर पडलेत रे. कच्चेसुद्धा." शिपाई म्हणजे जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्या लढता लढता मरतात, मग त्यांची मढी उचलायला थोराड झाडूवाल्या पेशी येतात, आणि दुखण्यात गायब झालेल्या नारंगी दाण्यांच्या पेशी सगळ्यात शेवटी परततात. काका त्यांना कनकांबर म्हणत, म्हणजे आपली अबोली. "कनकांबर दिसल्याशिवाय ती बरी झाली म्हणणार नाहीं मी."

पाचव्या दिवशी ताप उतरला. डॉक्टर घरी सोडायला तयार होते. काका मात्र मान हलवत म्हणाले, "शिपाई कमी झाले, झाडूवाले आले. कनकांबर नाहीं." डॉक्टरांच्या हातापाया पडून मी मुक्काम वाढवून घेतला. सहाव्या दिवशी नाही, सातव्या दिवशीही नाही. बायको उठून इडली मागत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

आठव्या दिवशी डोकंच फिरलं. काकांच्या घरी जाऊन म्हटलं, "मला बघू द्या." डोळा लावला. जांभळ्या ठिपक्यांत एक लख्ख नारंगी पेशी होती, शेजारी दुसरी.

"काका, आहेत की!"

"खोटं सांगू नको."

मी कालची पट्टी लावली, मग परवाची. दोन्हींत होत्या.

काका खुर्चीत बसले. "अय्यो. मोतीबिंदू वाढलाय. रंग सगळा मातकट दिसतोय मला. कोणाला सांगितलों नाहीं."

तीन दिवस जीव टांगणीला लावल्याबद्दल खरं तर कडाडून भांडायला हवं होतं. पण सुटकेनं मला रडूच फुटलं, आणि त्यांच्याकडे बघून अजूनच.

घरी आल्यावर बायको गजरा माळून काकांच्या पाया पडायला गेली. त्यांनी तिच्या केसांकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

"फूल कुठलं माळलीस गं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "कनकांबर, काका."

"होय होय," ते घाईने म्हणाले, "दिसतंय की मला."